करंगळीने दिलेलं मत

ताईला जन्मापासून दिसत नाही, हे दुकानात येणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाच्या लवकर लक्षात येत नसे. वेताच्या खुर्च्या विणताना ती खाली मान घालून बसलेली असायची आणि भिजवलेली पट्टी तिच्या बोटांतून अशी सरसर निघायची, की बघणाऱ्याची नजर तिच्या हातांवरच खिळून राहायची. दुकान बहीणभावाचं होतं. विणणं ताईचं, बोलणं दादाचं. थोरला दादा खुर्च्या आणायचा, पोचवायचा आणि उरलेला वेळ गावभरच्या खबरा सांगायचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

खुर्ची विणून झाली की ताईची शेवटची तपासणी असायची. पट्ट्या ओढून ओढून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. बारीकसं कुसळ राहिलं असलं तरी ते त्यांना जाणवायचं नाही. करंगळी मात्र विणताना मुठीत दुमडून स्वस्थ बसलेली, त्यामुळे लोण्यासारखी मऊ राहिलेली. ती करंगळी ताई सगळ्या बैठकीवरून सावकाश फिरवायची. दादाने त्या बोटाचं नाव आयतोबा ठेवलं होतं. "उठला का आयतोबा?" तो विचारायचा. आयतोबाने होकार दिला की मगच दादा आपलं भारदस्त अंग खुर्चीवर टाकून बघायचा.

निवडणूक आली की दादा सोबती म्हणून ताईबरोबर आत जायचा आणि तिच्या वतीने बटण दाबायचा. कायद्यात तशी सोय होती. कुणाला मत द्यायचं हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. "झालं तुझं मतदान," असं तो म्हणाला की ती मान हलवायची.

पण यंदा निवडणुकीच्या तोंडावर एका दुपारी तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता म्हणाला, "आमच्या घरात मतं तीन. बायकोचा काही भरवसा नाही, पण माझी दोन पक्की." गिऱ्हाईक खो खो हसलं. ताईच्या हातातली पट्टी तुटली. तिच्या हातून पट्टी सहसा तुटत नसे.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, की यंदा आपण एकट्याने मत देणार.

"का? मी काय चुकीचं बटण दाबतो?" दादाने विचारलं.

"बरोबरच दाबतोस," ताई म्हणाली. "तुझ्या दृष्टीने."

वहिनीला ठसका लागला. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यंत्र कसलं, गर्दी किती, गोंधळ झाला तर मत फुकट जाईल, हे सगळं त्याने ऐकवलं. ताई म्हणाली की उमेदवारांची नावं उठावाच्या ठिपक्यांत छापलेली मिळतात, बटणांशेजारीही ठिपके असतात, आणि ती लिपी आपण लहानपणी अंधशाळेत शिकलो आहोत.

"आणि फुकट गेलंच," ती म्हणाली, "तर माझं जाईल."

मतदान शाळेच्या एका वर्गात होतं. दादाला बघून तिथल्या अधिकाऱ्याला हायसं वाटलं. त्याने त्यालाच आत बोलावलं. ताईने शांतपणे सांगितलं, की भाऊ दाराशी थांबेल, मला ठिपक्यांचा कागद द्या. अधिकाऱ्याने पेटी उपसली. कागद होता, वेष्टनासकट. आजवर तो कुणी मागितलाच नव्हता. माणूस भला होता. त्याने तिला आडोशामागच्या टेबलापर्यंत नेलं, तिचा हात यंत्राला लावून दिला आणि तो बाजूला झाला.

ताईने कागदावर तर्जनी ठेवली. काहीच लागेना. पुन्हा फिरवली. कागद थोडा खरबरीत वाटला, एवढंच. अक्षर एकही उमटेना. शाळा सुटल्यापासून तिने वाचलं होतं कुठे? आणि घट्टे पडून वाचायचं बोटच बहिरं झालंय, हे आधी घरी करून बघावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"येऊ का गं?" दाराशी दादाचा आवाज. त्यात टोमणा नव्हता, नुसती काळजी होती. म्हणूनच तो आवाज परतवणं कठीण होतं. एक 'ये' म्हटलं की काम झालं असतं.

ताईने मूठ घट्ट आवळली. मुठीत करंगळी सवयीने दुमडून बसली होती.

"नको," ती म्हणाली. "तू तिथेच थांब."

तिने करंगळी उलगडून कागदावर टेकवली आणि ठिपके मोहरीसारखे टचटचीत लागले. एक अक्षर, दुसरं, मग आख्खं नाव. तिने सगळा कागद वाचला, ज्यांना मत द्यायचं नव्हतं त्यांचीही नावं वाचली. रांगेला थांबू दे म्हणाली मनात; इतकी वर्षं आपण थांबलोच की. मग यंत्रावरचा आकडा शोधला आणि बटणही त्याच बोटाने दाबलं. मान त्याचाच होता. यंत्राचा लांबलचक आवाज वर्गभर घुमला.

परतताना ती दादाचा कोपर धरून ताठ मानेने चालत होती; मत देऊन आलेली वहिनीही बरोबर होती. कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत दादाने कसाबसा दम धरला.

"कुणाला दिलंस?"

ताई नुसती हसली.

"मला सांग की. मी काय कुणाला सांगणार आहे?"

यावर वहिनी इतकी हसली, की तिला रस्त्यात थांबावं लागलं. दादाने मग एकेका उमेदवाराचं नाव घेऊन ताईचा चेहरा न्याहाळला. चेहरा काही बोलेना.

"मी विचारलं का तुला, तू कुणाला दिलंस?" ती म्हणाली.

"तुला माहीतच आहे की."

"सगळ्या गावाला माहीत आहे."

पुढच्या आठवड्यात ते हसरं गिऱ्हाईक खुर्ची न्यायला आलं. "काय, टाकली ना दोन्ही मतं?" त्याने दादाला डिवचलं.

"एकच टाकलं," दादा म्हणाला. "दुसरं हिचं. कुणाला दिलं ते विचारू नका, मलाच सांगत नाही." आणि हे सांगताना, बहीण परीक्षेत पहिली आल्यासारखी त्याची छाती फुगली होती.

ताईने खुर्चीवरून करंगळी शेवटची फिरवली आणि हात काढून घेतला.

"बस रे दादा," ती म्हणाली.