नायलॉनच्या चाकांवरून घिवली

बोईसरला नणंदेकडे आठ दिवस राहायला गेले होते. केळव्याची वाळू तुडवून झाली, माहीमच्या वाडीतली शहाळी पिऊन झाली, तशी मला घिवलीचा किनारा पाहायची हुक्की आली. नणंदेच्या शेजारचे जयरामभाऊ पालघरजवळच्या दगडखाणीत डंपर चालवतात. ते दगड घेऊन घिवलीलाच निघाले होते. साठीची बाई डंपरात बसणार म्हणून नणंद पोट धरून हसली. मी मात्र हट्टाने सकाळी त्यांच्याबरोबर खाणीवर गेले. म्हटलं, लिहायला काहीतरी मिळेल.

काम गमतीचं नव्हतं, हे मला खाणीवर कळलं. घिवलीला समुद्राकाठचा दगडी बांध एका जागी फुटला होता आणि त्याच्या मागचं पहिलंच घर जयरामभाऊंच्या बहिणीचं, वनिताचं. दुपारी उधाण (अमावास्येची मोठी भरती) चढायच्या आत दगड पोहोचले तर भगदाड बुजणार होतं. त्यातून रस्त्यावर धावणारी गाडी गॅरेजात पडलेली. म्हणून एरवी खाणीबाहेर न जाणारा डंपर काढला होता. त्याची चाकं माझ्या खांद्याएवढी उंच, आणि त्यांवर वीत वीत रुंदीचे रबराचे ठोकळे.

फाटकाबाहेर पडताच सगळा डंपर धडधडायला लागला. माझे दात वाजत होते. चाक निखळतंय अशी माझी खात्रीच झाली.

"घाबरू नका, ताई," जयरामभाऊ म्हणाले. "नायलॉनचा टायर हाय. रातभर एका जागी उबा व्हता, खालून चपटा झालाय. तापला की व्हईल गोल."

दोन-तीन किलोमीटरवर धडधड खरोखर थांबली. माझी भीती काही थांबली नाही. रस्ता सरळ होता, पण जयरामभाऊंचे हात एक क्षण सरळ राहत नव्हते. डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, सारखं चाललेलं. जड गाड्यांनी डांबरात चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि आमची चाकं त्यांत शिरायला बघत होती. रेडियल टायर (पोलादी तारांचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा) असं करत नाही, ते म्हणाले, हा रस्त्याची प्रत्येक घडी ऐकतो. उमरोळीच्या पुढे असाच एका चाकोरीने डंपर अचानक डावीकडे ओढला. तिथे सायकलवरून एक कामगार चालला होता, हँडलला डबा अडकवलेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो मागे उभा राहून हात उगारून शिव्या देत होता. जिवंत होता! मला रडूच आलं.

बोईसर जवळ आलं तसा जळक्या रबराचा वास यायला लागला. जयरामभाऊंनी टायरवाल्याच्या दुकानापाशी गाडी घेतली आणि स्वतः हवा मोजली. काटा बरोबर होता. ते खुशीत वर चढणार, तेवढ्यात टायरवाल्या चाचांनी मागच्या चाकावर तळहात ठेवला आणि झटकन ओढून घेतला.

"काँटा मत देखो, भाई. गरम टायर में हवा ज़्यादा ही दिखेगी. ये खदान की हवा है, रोड की नहीं."

जयरामभाऊंनी कपाळावर हात मारला. खाणीत धारदार दगडांवर टायर कापला जाऊ नये म्हणून हवा कमी ठेवतात. रस्त्यावर निघताना ती भरायची असते. कमी हवेचा टायर रस्त्यावर चेपत जातो, आतून तापतो आणि फुटतो. बारा वर्षं खाणीतच गेलेल्या माणसाला सकाळी घाईत ते आठवलं नाही.

"आधा घंटा ठंडा होने दो, फिर भरूँगा," चाचा म्हणाले.

जयरामभाऊ एकेक चाक चाचपत डंपरच्या मागे गेले. त्यांचा फोन केबिनमध्ये माझ्या शेजारी वाजला. मी उचलला. वनिताच होती.

"दादा कुटं हाय? पानी चढाय लागलं. हितं चार मानसं हायेत. दगड येत नसतील तर त्यांना घरातला वर्साचा भात भाईर काढाय लावते. येत असतील तर बांधावरच उबी ऱ्हाऊ देते."

तिचा आवाज कापत होता. मी आपल्या सवयीने म्हणाले, "अगं, आलोच! पाच मिनिटांत पोहोचतो."

तिचा सुस्कारा मला ऐकू आला.

जयरामभाऊंना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. "ताई, अर्धा घंटा तर हितंच जानार." त्यांनी लगेच फोन लावला. नुसताच वाजत राहिला. ती फोन घरात ठेवून बांधावर गेली असणार.

"मग निघू या ना तसंच!" मी म्हणाले. मघाचा सायकलवाला मी इतक्यात विसरले होते.

"नाय," ते म्हणाले. "पाळी सुटलीय कंपनीची, रस्ता भरलाय. ह्या मानसांत टायर फुटला तं?"

त्यांनी पुन्हा फोन लावला. पुन्हा लावला. पण हवा भरून होईपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही. टायर पुन्हा तापू नयेत म्हणून पुढचा रस्ता आम्ही बैलगाडीच्या चालीने कापला.

घिवलीला पोहोचलो तेव्हा पाणी भगदाडातून आत शिरून परतही फिरलं होतं. वनिता अंगणात चिखलात उभी होती. भावाला पाहून तिने घराकडे बोट दाखवलं. घरातली कणगी (भात साठवायची बांबूची टोपली) आडवी पडली होती आणि वर्षाचा भात खाऱ्या चिखलात पसरला होता. जयरामभाऊंनी दगड ओतले आणि बांधावर आणून ठेवलेला जेसीबी ते उचलून भगदाडात टाकायला लागला.

"फोनवर कोन बाई व्हती?" तिने विचारलं.

मीच पुढे झाले. "मी होते. तुला धीर यावा म्हणून..."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमी सांगितलं, म्हनून मी मानसं थांबवली," एवढंच ती म्हणाली, आणि ओंजळीने भात उचलायला खाली बसली. मीही बसले. खारट भात कोंबड्यांनाही चालला नाही.

परतताना मी एसटीने बोईसरला आले. वाटेत नणंदेचा फोन आला, "कुठवर आलीस?" नेहमीचं उत्तर तोंडाशी आलं होतं. मी कंडक्टरला विचारलं आणि मगच बोलले, "अजून पाऊण तास लागेल. माझ्यासाठी थांबू नकोस, तू जेवून घे."