गौरव समितीच्या ताई

बस आरक्षणाच्या त्या कार्यालयात संगणक विभाग वरच्या मजल्यावर होता आणि त्यातल्या सर्वांत जुन्या प्रोग्रामर म्हणजे ताई. वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणत. त्यांच्या खुर्चीमागे त्यांचाच माणसाएवढा पुठ्ठ्याचा फलक उभा असे: हसऱ्या ताई, हातात लॅपटॉप, पायाशी ‘संगणकातील स्त्रीशक्ती’. दरवर्षी महिलांच्या गौरवाचा कार्यक्रम उरकला की हा फलक ठेवायचा कुठे, असा प्रश्न पडे आणि तो ताईंच्याच कोपऱ्यात येऊन टेके. पुढे टेबल, मागे फलक. खुर्ची जरा सरकवली की ताईंची पाठ ताईंनाच लागे.

शेजारचा दाढीवाला म्हणे, "ताई, तुम्हा दोघींपैकी काम कोण करते आणि पगार कोण घेते?"

ताई हसत. न हसून सांगायचे कोणाला?

त्या विभागात काम वाटण्याची रीत मोठी साधी होती. सकाळच्या चहाला साहेब कप घेऊन खिडकीशी उभे राहत आणि तिथेच बोलता बोलता कामे सोपवत. जो नजरेसमोर, त्याच्या पदरात काम. त्या कार्यक्रमाची गौरव समिती ताईंकडे आल्यापासून मात्र चहाच्या वेळेला त्या बहुधा खालच्या सभागृहात असत. पाहुण्यांच्या खुर्च्या, पुष्पगुच्छ, पडद्याचा रंग. आपल्याच सत्काराची तयारी आपणच करायची, यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

यंदा जुनी आरक्षण प्रणाली मोडीत काढून नवी लिहायची होती. जुनीत एक दुखणे होते: तिकिटाच्या दोन खिडक्यांवरच्या कारकुनांनी एकाच क्षणी एकच आसन निवडले, तर ते दोघांनाही विकले जाई आणि भांडण पेटे ते थेट बसमध्ये. ताईंनी यावर महिनोन्‌महिने डोके लावले होते. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना तेच चालू असे. घरच्या संगणकावर त्यांनी ते लिहून, चालवूनही पाहिले होते. नवऱ्याला दाखवायला गेल्या, तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "छान आहे. यंदा तरी फोटोत डोळे मिटू नकोस." सासूबाईंनी मात्र मागच्या वर्षीचा फोटो सगळ्या इमारतीत फिरवून आणला होता.

आसनांचे काम मला द्या, असे ताईंनी साहेबांना स्पष्ट सांगितले होते. "बघू, नाव डोक्यात आहे," साहेब म्हणाले होते.

कार्यक्रमाच्या सकाळी त्या मुद्दाम लवकर येऊन खिडकीशी उभ्या राहिल्या. साहेबांच्या हातात कप आला, तेवढ्यात खालून फोन: पुष्पगुच्छवाला आलाय, पैसे कोण देणार? ताई खाली गेल्या. परत आल्या तेव्हा कप रिकामे होते आणि कामे वाटून झाली होती. आसनांचे काम नवीकडे गेले होते. ही मुलगी नोकरीला लागून वर्ष उलटले, तरी सगळ्यांच्या तोंडी ती नवीच होती.

ताई साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, आसनांचं काम मी मागितलं होतं."

"अहो, तुम्ही समोर नव्हता. आणि तुम्हाला कशाला त्या किचकटात गुंतवू? तुम्ही आमच्या विभागाचा चेहरा आहात."

"चेहऱ्याला हातही असतात, साहेब."

साहेब मनापासून हसले. "हे आज व्यासपीठावर बोला. आणि काम मुलीकडेच गेलंय की. तुम्हीच सांगता ना, मुलींना संधी द्या म्हणून."

मागच्या वर्षी हे वाक्य ताईंनीच टाळ्या घेत म्हटले होते. आता ते गिळण्यावाचून इलाज नव्हता.

"असं करा," साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "समिती नवीकडे सोपवा. आजपासूनच तिला बरोबर घ्या. तिला दोन्ही जमणार नाही. मग आसनांचं तुमच्याकडे वळवता येईल."

दार उघडले होते खरे. फक्त त्यातून जायचे, तर नवीला समितीत आपल्या जागी बसवून जावे लागणार होते.

ताई नवीच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. कारकुनाने हात लावताक्षणी आसन त्याच्या नावे धरून ठेवायचे, इथवर मुलगी आपल्या डोक्याने पोहोचली होती. ताईंना तिथवर यायला याहून बराच वेळ लागला होता. ते बरे वाटले आणि खुपलेही.

"आणि आसन धरून गिऱ्हाईक तसंच निघून गेलं तर?" ताईंनी विचारले.

नवीची बोटे थांबली. "अगं बाई. मग ते कोणालाच मिळणार नाही. ठरावीक वेळानं सोडून द्यायला हवं."

खालून पुन्हा फोन आला. माइक लागत नव्हता. साहेबांनी खोलीतूनच हाक दिली, "नवी, जा गं ताईंबरोबर. शिकून घे."

नवी उठू लागली. ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात क्षणभर तिथेच राहिला. तो तिला उठू देण्यासाठी आहे की बसवण्यासाठी, हे ताईंनाही ठरवायचे होते.

"तू बस," त्या म्हणाल्या. मग दाराकडे वळून, "साहेब, समिती माझ्याकडेच राहू द्या. हिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कार्यक्रमाचा बोजवारा उडेल."

"मग आसनांचं?"

"ती करतेय की."

"बरं, तुमची मर्जी," साहेब म्हणाले. त्यांचा एक प्रश्न मिटला होता.

नवीचा चेहरा जरासा उतरला. मग तिने हसण्यावारी नेले. "ताईंना मिरवायची हौस भारी. कोणाला वाटा द्यायच्या नाहीत."

"फलक काय उगाच आहे होय?" दाढीवाल्याने री ओढली. सगळे हसले. ताईही हसल्या.

फलक व्यासपीठावर न्यायचा होता. ताईंनी तो काखोटीला मारला. जिन्याच्या वळणावर तो आडवा अडकला. वरही जाईना, खालीही येईना. खाली माइकवाला वर बघत उभा होता.

वरून नवीची हाक आली, "ताई, आसन सोडायचं किती वेळानं?"

"खिडकीवरच्या कारकुनांना विचार," ताईंनी पुठ्ठ्याआडून सांगितले. "आपल्या मनानं ठरवू नकोस."

मग त्यांनी फलकातल्या ताईंची मान थोडी वाकवली आणि त्या खाली उतरल्या.