केसपेपरवरचा अशक्तपणा

दवाखान्याच्या खिडकीशी केसपेपर लिहिणाऱ्या बाई प्रत्येकीला "काय होतंय?" विचारत होत्या. माझ्या पुढच्या तिघींनी हळूच "अशक्तपणा" सांगितलं. मीही तेच सांगून बाकावर बसले. खरं तर पाळीला अजून पंधरा दिवस होते आणि अंगावरून हिरवट जात होतं, खाज थांबत नव्हती.

मग एक भाजीवाली आली. टोपली दाराशी ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, "अंगावरून जातंय. नेहमीचं पांढरं नाही, पिवळं. वास मारतोय." बाकावरच्या सगळ्या माना खाली गेल्या.

मला त्या मानांचा राग आला. त्यात माझीही होती. दूध नासलं की आम्हाला वासावरून कळतं, लोणच्यावरची बुरशी दुरून दिसते, आणि लगेच आम्ही घर डोक्यावर घेतो. स्वतःच्या अंगाने रंग बदलला, वास बदलला, की मात्र आम्ही मुक्या. एरवीचं थोडंसं पांढरं जाणं निरोगीच असतं, तर त्याने हाडं झिजतात म्हणून घाबरायचं; आणि खरं दुखणं आलं की त्याला अशक्तपणा म्हणायचं! कुणाची लाज राखतो आम्ही?

मी उठून खिडकीशी गेले. "बाई, माझ्या केसपेपरवरचा अशक्तपणा खोडा. अंगावरून हिरवट जातंय, असं लिहा."

"अहो, जरा हळू बोला," त्या म्हणाल्या.

"मघाशी हळूच बोलले होते," मी म्हटलं, "म्हणून तर खोटं लिहिलं गेलं."