उम्म अल कुवैनच्या खाडीत इंग्रजांच्या राजाची बरसी

दुबईला जाऊन एकही मॉल न बघता परत आलेली बाई, अशी नाशिकला आमच्या सोसायटीत माझी नोंद झाली आहे. त्याला कारण रशीदभाई.

माझी बहीण अल कुसैसला राहते. तिच्या नवऱ्याने माझ्यासाठी यादी तयार ठेवली होती: एक मॉल, दुसरा मॉल, तिसऱ्या मॉलमधले मासे. काचेतले मासे बघायला विमानाचं तिकीट कशाला काढायचं, असं मी म्हणत होते, तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे रशीदभाई वर आले.

रशीदभाई मूळचे श्रीवर्धनचे. एकोणीस वर्षं इथे डिलिव्हरीची व्हॅन चालवली, आणि आता एका छोट्या टूर कंपनीत गाइड म्हणून ट्रायलवर. ट्रायलची शेवटची ट्रिप दुसऱ्या दिवशी होती: शारजाच्या पलीकडचं उम्म अल कुवैन, चार इंग्रज पाहुणे. पाहुण्यांनी फॉर्मवर चांगलं लिहिलं तर नोकरी पक्की, व्हिसा पक्का. नाहीतर श्रीवर्धन. त्यात मॅनेजरला सुचलं होतं की, पाहुण्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून गाइडने 'आजच्या दिवशी तुमच्या देशात काय घडलं' ते सांगायचं.

"तारीख काय आहे उद्या?" मी विचारलं.

"तीस जानेवारी. ताई, मी सगळं काढलं नेटवरून. त्या दिवशी त्यांच्यात नुसती मयतच आहे."

त्यांनी वही उघडली. १६४९: राजाचं मुंडकं उडवलं. १६६१: ज्याने राजाला संपवलं तो तोवर स्वतःच मेला होता, म्हणून थडग्यातून उकरून त्याला फाशी दिली, मुद्दाम तीच तारीख धरून. १९६५: युद्धकाळातल्या पंतप्रधानांची अंत्ययात्रा. १९६९: चार गायक लंडनमध्ये गच्चीवर चढून गायले आणि पोलीस आले.

"हे शेवटचं आनंदाचं आहे की," मी म्हटलं.

"कसलं आनंदाचं? त्यानंतर लोकांसमोर ते चौघं परत एकत्र गायलेच नाहीत."

ही तारीख आपल्याकडेही हसायची नाही, म्हणून मी चेहरा सरळ ठेवला. व्हॅनमध्ये एक सीट रिकामी होती. दीडशे दिरहम, म्हणजे छत्तीसशे रुपये. मी दिले.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी निघा. शारजाची गर्दी तेव्हा दुबईकडे येत असते, आपण उलट्या दिशेने जातो. बाहेरचा ६११ नंबरचा रस्ता घेतला तर तासाभरात पोचता. वाटेत करक चहा मिळतो, दोन दिरहमला. अठ्ठेचाळीस रुपये, असं मी मोठ्याने म्हणाले.

"पहिला आठवडा सगळेच करतात," रशीदभाई म्हणाले. "मग हिशोब सुटतो आणि चहा गोड लागतो."

पाहुणे म्हणजे दोन जोडपी. एक रिटायर झालेले इतिहासाचे मास्तर आणि त्यांची बायको; दुसरे लाल टोपीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. माझ्या पायाशी एक पाच पुडाचा डबा होता.

"हा कुणाचा?"

"आजचा," रशीदभाई म्हणाले.

गावातला जुना किल्ला आता म्युझियम आहे. अंगणातल्या तोफेपाशी रशीदभाईंनी सुरुवात केली. थंडीने कापलो तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून राजाने मरताना दोन सदरे घातले होते, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर घोगरा झाला. मग छातीवर हात ठेवून त्यांनी चौघांचं सांत्वन केलं. पावणेचारशे वर्षांनी. लाल टोपीवाल्यांनी टोपी काढली. मास्तरांची बायको म्हणाली, "थँक्यू, फारच दयाळू आहात तुम्ही," आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागली.

तिथून बोटीने खाडीत. दोन्हीकडे खारफुटी, चिखलात फ्लेमिंगो एका पायावर उभे. श्रीवर्धनच्या माणसाला खारफुटी दाखवायचे पैसे मिळतात यावर रशीदभाईंचा अजून विश्वास बसत नाही. इथे त्यांनी मेलेल्या माणसाच्या फाशीची गोष्ट काढली आणि घोटाळा झाला. मास्तर म्हणाले, राजा त्याच लायकीचा होता. लाल टोपीवाले म्हणाले, राजाला मारणारा गद्दार होता. मग त्यांच्या बायका त्यात पडल्या. फ्लेमिंगो उडाले. बोटवाल्याने मला हिंदीत विचारलं, "प्रॉपर्टी का झगडा है क्या?"

"ताई, फॉर्म गेला," रशीदभाई हळूच म्हणाले. "खलास."

आणि त्यांनी डबा उघडला.

खोबऱ्याच्या दुधातली सांदणं आणि कोंबडीचा रस्सा. त्यांच्या बायकोने, जुबेदाने, पहाटेपासून रांधलेलं. पाहुण्यांना घरचं काही खायला द्यायचं नाही, हा कंपनीचा कडक नियम.

"अहो, नोकरी घालवाल," मी म्हटलं.

"आजच्या दिवशी राजा गेला ना? म्हणजे बरसी. आमच्यात बरसीला आलेला माणूस उपाशी जात नाही. मला दुसरं काय करायचं ते कळत नाही, ताई."

हेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं. लाल टोपीवाल्यांनी पहिलं सांदण मास्तरांना वाढलं. मास्तरांनी सहा खाल्ली. मी मोजली, कारण माझ्या वाट्याला एकच आलं.

हात धुऊन मास्तर म्हणाले, "एक अडचण आहे. त्या काळी आमचं कॅलेंडर बाकीच्या युरोपच्या दहा दिवस मागे होतं. आजच्या कॅलेंडरने राजा नऊ फेब्रुवारीला मेला."

रशीदभाईंचा रंग उतरला. चुकीच्या दिवशी बरसी घालणं काय असतं, हे ज्याच्या घरी बरसी होते त्यालाच कळेल. ते माफी मागू लागले, तर मास्तर म्हणाले, "माफी कशाला? आम्ही महिनाभर इथेच आहोत. नऊ तारखेला नीट करू."

परतताना व्हॅनमध्ये मास्तर फॉर्म भरत होते. फॉर्मवर तीन ओळींची जागा होती, त्यांनी पाठीमागचं पानही भरलं. रशीदभाई आरशातून रस्त्याऐवजी तेच पाहत होते, म्हणून उरलेला प्रवास मी डोळे मिटून केला. दुसऱ्याच दिवशी माझं परतीचं विमान होतं; मॉल बघायला मग दिवसच उरला नाही.

मी आता नाशिकला आहे. आणलेला खजूर शेजाऱ्यांनी संपवला, फोटोंतले फ्लेमिंगो ठिपक्याएवढे आले आहेत. राहिला आहे तो त्या माणसाचा घोगरा आवाज. ज्याच्याशी नातं नाही, ओळख नाही, ज्याचं नावही त्याला नीट उच्चारता येत नव्हतं, अशा राजासाठी तो खरा होता. मी गेली वीस वर्षं माणसांची टिंगल लिहिते. त्या आवाजाची करता आली नाही.

काल त्यांचा व्हॉइस मेसेज आला. नऊ तारखेची बरसी नीट पार पडली. घरचं जेवण दिल्याबद्दल मॅनेजरने आधी झापलं, मग स्वतःच डब्यासकट बोटीत येऊन बसला. व्हिसा झाला. आता कंपनीला दर महिन्याला अशी ट्रिप हवी आहे.

"तर ताई, मार्चमध्ये त्यांचं कोण गेलंय, जरा बघा ना," रशीदभाई म्हणत होते. "राजाच पाहिजे असं काही नाही. सरदारही चालेल. फक्त कॅलेंडर बघून घ्या."