रेच्यावरची आत्या

आत्याला हळू बोलता येत नसे. मयताच्या घरीही ती ओरडूनच धीर द्यायची. अकोल्याच्या जिनात, कापसातली सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या धडधडाटात तिची उमर गेली होती. शेजारच्या रेच्यावर मी होते. नात्याची नव्हे, पण आम्हा सगळ्या बायांची ती आत्या.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. किमान मजुरीचा कायदा कुणी ऐकला नव्हता. शेठ बोलेल ती मजुरी. त्या हंगामात कापूस चढला, ज्वारी चढली, मजुरी जागची हलली नाही. त्यातही बायांना पुरुषांहून कमी. आत्याने मुकादमाला विचारले, "काहून गा, बाईनं लोटलेल्या कापसाची रुई कमी निघते काय?"

मुकादम म्हणाला, "शेठजी धर्मात्मा आहेत. कौंडण्यपूरले धर्मशाळा बांधून राहिले."

"बांधू दे. आमच्या मजुरीतून बांधली, हे बी कोरा म्हना दगडावर."

दुसऱ्या दिवशी तिने टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मागोमाग आम्हीही बसलो. रेचे रिकामे फिरू लागले, बाहेर कापसाच्या गाड्या तुंबल्या. शेठ स्वतः आला. "तुला मुकादमीण करतो, जास्त देतो. यांना उठव."

आत्या आमच्याकडे वळली. "आयका वं, मले एकटीले वाढवून देऊन राहिले. उठता काय?"

कुणी उठले नाही. शेठने आम्हाला बाहेर काढून फाटक लावले. घरोघरी कण्यांची पेज शिजू लागली, तरी आम्ही फाटकाशीच बसून राहिलो. शेवटी शेठने 'स्वखुशीने' मजुरी वाढवली. अट एकच: आत्या आत येणार नाही.

आम्ही अडून बसलो, तर तिनेच एकेकीला आत ढकलले. "लेकरं उपाशी हायेत. माह्यासाठी बसान, त मिळालेलं बी जाईन."

गावभर शेठच्या उदारपणाचे कौतुक झाले. सत्कार झाला, हार पडले. आणि जिने सगळ्यांची मजुरी वाढवून घेतली, तिच्या हाती त्यातली दमडी पडली नाही. गावातल्या एकाही जिनाने तिला उभे केले नाही. मालकांनी आपसात ठरवूनच टाकले होते. आजही ते आठवले की माझ्या अंगाची आग होते.

ती मोर्शीला संत्र्यांच्या तोडणीवर निघाली. मोटार स्टँडवर मला संतापाने रडू फुटले.

"रडू नोको," ती म्हणाली. "शेठ म्हनते, मजुरी त्यानं देल्ली. तू पोरीइले सांगजो, आपन घेतली."

मी अजून सांगते आहे.