सात परस खोल, उजवा

सुरुंग उडाल्यावर विहिरीत जो वास कोंडून राहतो, दारूचा, तापलेल्या दगडाचा आणि त्यांच्या खालून हळूच वर येणाऱ्या ओलीचा, तो चैत्राच्या उन्हात अजूनही माझ्या नाकाशी येतो. शाळा चौथीत सुटली, त्याची मला लाज नाही. चाळीस वर्षे विहिरी खोदल्या आणि जमिनीच्या पोटातले थर हाताच्या रेषांसारखे पाठ केले.

अंजनगावच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका संत्राबागेत, सात परस म्हणजे सात पुरुष खोल गेल्यावर काळा दगड संपला आणि हातभर जाडीचा, पांढुरका, गारेसारखा कठीण थर लागला. त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. त्या मधल्या थरात हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या, दगड झालेल्या गोगलगाई होत्या. कुण्या काळचं तळं आपल्या जिवांसकट तिथे निजलेलं होतं, आणि वरून झिरपणाऱ्या उजेडात त्यांचे वेढे नुकतेच न्हाल्यासारखे चमकत होते.

गावच्या देवळात आरतीचा शंख मीच फुंकत असे. फुंकायचं टोक खाली करून शंख समोर धरला आणि त्याची पोकळी उजव्या हाताला आली तर तो उजवा शंख. तसा जन्मात एखादा दिसला तर दिसला. इथे मात्र मुठीने उचलावेत ते सगळे उजवेच! बिस्किटाच्या डब्यात मी ते कापसावर ठेवले आणि प्रत्येकाला कॅलेंडरच्या कागदाची चिठ्ठी लावली: विहीर कुणाची, किती परस, आणि ‘उजवा’.

पुढे बोअर लागला, मालकाने विहीर बुजवली. माझ्याबरोबर त्या विहिरीत उतरलेले दोघेही आता नाहीत. त्या थराची साक्ष उरली ती माझ्या चिठ्ठ्यांत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात डबा घेऊन अमरावतीला एका कॉलेजात गेलो. भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“गोड्या पाण्यातली गोगलगाय, बाबा. झकास नमुने!” मग चिठ्ठी वाचून ते हसले. “पण हे उजवे कुठले? साफ डावखुरे आहेत. हीच तर हिची ओळख.”

“उजवेच हायेत सर. शंख मी फुंकला हाये, तुमी नाई.”

“फुंकायला ठीक आहे हो. पण ज्याचं डावं-उजवं चुकतं, त्याचं सात परस मी कसं खरं मानू? नमुने ठेवतो. चिठ्ठ्या काढून ‘ठिकाण अज्ञात’ लिहू.”

अज्ञात! ज्या ठिकाणी माझ्या गुडघ्यांची कातडी सोलली गेली, ते अज्ञात.

“मंग डबा बी अज्ञातच राहू द्या,” म्हटलं आणि झाकण लावलं. शिपायाने आणलेल्या चहावर साय धरली होती.

परतीच्या एसटीत दर्यापूरच्या पुढे नांगरलेल्या काळ्या रानांवर ऊन तिरपं उतरत होतं, आणि मी मनातल्या मनात त्या शहाण्या माणसाला शिव्या घालत होतो. अजूनही घालतो. पण एक गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही. त्यांच्या चिमटीत त्या शंखाचं टोक छताकडे होतं. मी तोच शंख टोक खाली करून धरत आलो. फिरवला की डाव्याचा उजवा होतो. हे मला तिथेच, त्याच क्षणी दिसलं होतं. ‘सर, उलटा धरा’ एवढं म्हटलं असतं तर बहुधा ते पुन्हा हसले असते आणि सात परस लिहून घेतले असते. मी म्हटलं नाही. एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाने ‘बाबा, तुम्ही कसा धरता?’ असं विचारावं, म्हणून वाट पाहत राहिलो.

आता दुपारी लिंबाचा मोहोर अंगणात गळत असतो आणि मी डबा उघडून बसतो. तळहातावर गोगलगाय आडवी ठेवली की वाटतं, जिवंत असताना ही टोक कुणीकडे धरत असेल? मागेच ओढत नेत असेल. तिला आमच्या दोघांचंही काही पडलेलं नसेल. मग नवा कागद घेतो. ‘टोक वर धरल्यास’ इथवर अक्षर नीट उमटतं. पुढचा शब्द ‘डावा’. तिथे हात थांबतो.