हुकावरचा चहा

पहिलवानाने आयुष्यात कधी कुस्ती खेळली नव्हती. हे नाव त्याला त्याच्या पोटाने मिळवून दिलं होतं. धंदा क्रेन चालवण्याचा. बांधकामाच्या डोक्यावर, काचेच्या केबिनमध्ये बसून सिमेंटचे तयार जिने उचलायचे आणि अंडं ठेवावं तसे अलगद जागेवर ठेवायचे, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पोट वाढत गेलं आणि एक दिवस सीटचा पट्टा काही केल्या लागेना. शिडीभोवतीच्या लोखंडी कड्यांमध्ये तर तो चक्क अडकून बसला. साहेबाने त्याला खाली बोलावलं आणि गोदामात खिळ्यांच्या पेट्या राखायला बसवलं.

तिथे बसून त्याने जे भोगलं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. वर दुसराच कोणी क्रेन चालवतोय आणि आपण खाली मान वर करून बघतोय! शेवटी बायकोने धीर दिला आणि त्याने ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवी कापून अंड्याएवढी ठेवली आणि ती थेट आतड्याला जोडली. कामावर मात्र त्याने हूं की चूं केलं नाही. चिरलेल्या माणसाला साहेब पुन्हा वर पाठवील की नाही, ही धास्ती. कोणी विचारलंच तर सांगायचा, "काही नाही रे, चालतो आणि कमी खातो." यावर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना कोपरापासून नमस्कार.

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोडापासून लांब राहायचं, आणि गोड पिण्यापासून तर चार हात लांब. आता ते पोटात थांबणार नाही, सरळ आतड्यात ओतलं जाईल. मग छाती धडधडेल, घाम सुटेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल. पहिलवानाने हे खरं आहे का ते एकदा घरी चमचाभर मुरंबा खाऊन पाहिलं होतं. मग तो न्हाणीघराच्या फरशीवर गाल टेकून पडला आणि बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत त्यालाच शिव्या देत राहिली.

असा झिजून झिजून तो पुन्हा वर चढला. पट्टा खट्‌कन लागला तेव्हा त्याला रडूच आलं. वर बघायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने डोळे पुसलेही नाहीत.

खाली वॉकीटॉकीवर शिट्टी होता. हा त्याचा जुना जोडीदार. वॉकीटॉकी नव्हते तेव्हा तो शिट्टी फुंकून क्रेनला इशारे द्यायचा, म्हणून हे नाव. ती शिट्टी अजून त्याच्या गळ्यात होती. क्रेनवाल्याचा जोडीदार असून हा गडी उंचीला इतका भ्यायचा की स्टुलावर चढला तरी त्याचे पाय लटपटायचे. त्यामुळे वरचा चहा तो कायम हुकाला थर्मास बांधून पाठवायचा. आजही त्याने तसाच पाठवला.

"पहिलवान, परत आलास गड्या! घे, तोंड गोड कर."

पहिल्याच घोटाला पहिलवानाला कळलं. शिट्टीने जुन्या मापाने साखर घातली होती, म्हणजे चहाचा पाकच केला होता. ओतून द्यायला हवा होता. पण शिट्टी कपाळावर आडवा हात धरून वर बघत उभा होता. आणि खरं सांगायचं तर निमित्त शिट्टीचं होतं, मोह पहिलवानाचाच होता. तो कपभर प्यायला, मग उरलेलाही प्यायला.

मग जिना वर आला. आठव्या मजल्यावर दोन फिटर त्याला हात लावून उभे होते. जिना टेकायला वीतभर उरलं आणि पहिलवानाचे कान तापले. पाठोपाठ घाम, आणि उखळात मुसळ पडावं तशी छाती. समोरची काच पुढेमागे होऊ लागली.

वीतभरच तर राहिलंय, त्याने मनाला सांगितलं. एवढं टेकवू, मग पडून राहू. कोणाला कळतंय!

हात थरथरला. तिकडे जिन्याला हिसका बसला. एका फिटरने बोटं झटकन मागे घेतली आणि वर पाहिलं.

पहिलवानाने क्रेनचा दांडा सोडला. ब्रेक लागला, जिना लटकत राहिला. "शिट्टी, माणसं बाजूला काढ. वारा आहे."

"कसला वारा? झेंडा तर काठीला चिकटलाय."

वॉकीटॉकी सगळ्यांच्या कमरेला होते, साहेबाच्याही. पहिलवानाने डोळे मिटले. "वारा नाही. माझं पोटाचं ऑपरेशन झालंय. मला गोड चालत नाही. हात कापतायत, मला दिसत नाहीये. काढ त्यांना, गड्या, लवकर काढ."

खाली गळ्यातली शिट्टी एकदा, जोरात वाजली. फिटर मागे पळाले.

मग साहेबाचा आवाज आला. "एवढे दिवस लपवलंस? दुसऱ्याला पाठवतोय. तू उतर. पुढचं पुढे."

उतरतोय कसला! पहिलवान गुडघ्यांत डोकं घालून डब्यात ओकत होता. अंग गार पडत चाललं होतं. थोड्या वेळाने शिडी हलू लागली. आला दुसरा, त्याला वाटलं. पण केबिनच्या तळाचं झाकण उघडलं आणि चुन्यासारखा पांढरा चेहरा वर आला. शिट्टी होता. शर्टात पाण्याची बाटली खोचलेली. तो रांगत आत शिरला.

"नुसतं पाणी आहे. शपथ."

पहिलवानाने दोन घोट घेतले. "तू कसा चढलास?"

"डोळे मिटून. मला सांगितलं असतंस तर साखर घातली असती का रे मी?"

"सांगितलं असतं तर मी या सीटवर नसतो."

"आता तरी कुठे राहणार आहेस?" शिट्टी म्हणाला, आणि म्हणून गेल्यावर त्याचंच तोंड कसंनुसं झालं.

पहिलवानाच्या छातीतलं मुसळ हळूहळू थांबलं, समोरची काच जागेवर आली. खाली शिडीपाशी दुसरा क्रेनवाला हातमोजे घालून वाट बघत होता. शिट्टीने चुकून त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी सीटचा पाय धरला.

"चढलो तर खरा," तो पुटपुटला, "पण आता उतरू कसा?"

पहिलवानाने सीटचा पट्टा सोडला, नीट गुंडाळून ठेवला.

"मी आधी उतरतो," तो म्हणाला. "तुझा एकेक पाय धरून मी पायरीवर ठेवीन. मला ठेवता येतं."